डॉक्टर स्क्रीनवर, पेशंट खुर्चीत... आणि मधल्या सिस्टर?

"अजून एक ॲप?"

मित्रांनो, आमच्या मिनी प्रोजेक्टचं पहिलं परीक्षण एवढ्या तीन शब्दांत आटोपलं. परीक्षक होती माझी सख्खी मावशी!

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट असतो हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या चौघांच्या ग्रुपने विषय घेतला 'ग्रामीण भागासाठी टेलिमेडिसिन ॲप'. का घेतला? खरं सांगू? ऐकायला भारी वाटतो, समाजोपयोगी आहे, आणि सीनियर्सचा जुना रिपोर्ट हाताशी होता. प्रॉब्लेम स्टेटमेंट आम्ही कँटीनमध्ये वडापाव येईपर्यंत लिहून काढलं. 'खेड्यात डॉक्टर कमी आहेत. शहरात ते आहेत. मध्ये इंटरनेट आहे. परंतु आरोग्य कर्मचाऱ्यांना टेक्नॉलॉजीची भीती वाटते, म्हणून वापरायला सोपं ॲप हवं.' सरांनी सही केली. आम्ही खूश.

दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे गेले. मावशी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. बावीस वर्षं झाली, गाव तिला 'सिस्टर' म्हणूनच ओळखतं. सोबत आता एक तरुण बीएएमएस झालेल्या मॅडम असतात. त्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. चार दिवस मी त्या दोघींच्या शेजारी स्टूल टाकून बसले. दुसऱ्याच दिवशी प्रॉब्लेम स्टेटमेंटमधलं शेवटचं वाक्य खोडावं लागलं. ते का खोडलं, तेच या लेखात सांगायचं आहे.

थोडा इतिहास

टेलिमेडिसिन कोरोनामुळे आलं असा माझा समज होता. साफ चूक! आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या खेड्यातलं रुग्णालय चेन्नईच्या डॉक्टरांशी जोडलं गेलं ते २००० साली. २००१ पासून इस्रोने उपग्रहामार्फत दूरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम हे तज्ज्ञांचं केंद्र धरून काही जिल्हा रुग्णालयं जोडली गेली. लातूर, बीड, नंदुरबार, सिंधुदुर्ग... आणि त्या यादीत आपलं साताराही होतं.

इंजिनीअर म्हणून गंमत बघा. सातारा ते मुंबई रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटर. पण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर! आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. म्हणजे प्रश्न विचारल्यावर अर्धा सेकंद तरी शांतता. बँडविड्थ त्या काळच्या अशा जोडण्यांत साधारण ३८४ केबीपीएस असायची. आज मेसच्या वाय-फायवर एवढा स्पीड मिळाला तर आपण मोर्चा काढू. शिवाय यंत्रणा एका खोलीत बसवलेली. दोन्हीकडच्या डॉक्टरांना वेळ ठरवून त्या खोलीत यावं लागायचं. जिल्ह्याच्या गावापर्यंत ते ठीक होतं, डोंगरातल्या उपकेंद्रापर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं.

ते पोचलं ई-संजीवनीमुळे. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ही केंद्र सरकारची सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. २५ मार्च २०२० ला, म्हणजे देशभरातल्या लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, डॉक्टरांनी दूरवरून पेशंट कसे तपासावेत याची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं निघाली. (त्याच आठवड्यात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव कोरोनामुळे देशभर गाजत होतं, आठवतं ना?) एप्रिल २०२० मध्ये पेशंटला घरबसल्या थेट डॉक्टरांशी बोलायची सोयही निघाली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवर १० कोटी सल्ले झाले होते.

उपकेंद्रात हे कसं चालतं ते थोडक्यात. सीएचओ लॉग-इन करतात. पेशंटचं नाव, मोबाईल नंबर, लक्षणं, बीपी, शुगर भरतात. गरज पडली तर जखमेचा फोटो जोडतात. मग कॉल 'हब'कडे जातो, म्हणजे दुसरीकडे बसलेल्या एमबीबीएस किंवा तज्ज्ञ डॉक्टरांकडे. रांगेत नंबर लागला की व्हिडिओवर बोलणं होतं आणि प्रिस्क्रिप्शन उपकेंद्राच्या कॉम्प्युटरवर येतं. औषध असेल तर तिथेच मिळतं.

कागदावर किती छान! मग कर्मचारी नाकं का मुरडतात?

पहिली गोष्ट: आजी खूश

आधी चांगलं सांगते. पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. बीपीची गोळी चालू होती, पण पायावर सूज येत होती. सीएचओ मॅडमनी कॉल लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी रीडिंग बघितलं, पायाचा फोटो बघितला, गोळी बदलून दिली. सगळं मिळून वीस मिनिटं. एरवी आजींना सकाळची एसटी धरून पाटणला जावं लागलं असतं. सोबत मुलगा, म्हणजे त्याची त्या दिवशीची मजुरी बुडाली. आजींनी उठताना स्क्रीनला नमस्कार केला! मावशीसुद्धा म्हणाली, "याला मी कधी नाही म्हटलंय?"

म्हणजे बघा, बावीस वर्षं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला टेक्नॉलॉजीची भीती वगैरे काही नाही. तिच्या मोबाईलवर माझ्यापेक्षा जास्त ग्रुप आहेत. लसीकरणाची नोंद ती माझ्या टायपिंगपेक्षा वेगाने करते. मग अडतं कुठे? मी वही काढली आणि दोघींना बोलतं केलं.

अडतं कुठे?

एक, नेटवर्क. हे अपेक्षितच होतं. कोयनेच्या बाजूला पाऊस लागला की वीज जाते, आणि डोंगराआड टॉवरची रेंज लपाछपी खेळते. पण मॅडमनी एक बारीक गोष्ट सांगितली. "नेट नसेल तर हरकत नाही गं. पेशंटला आधीच सांगता येतं. नेट आहे आणि मध्येच जातं, त्याचा त्रास होतो. अर्धवट कॉल म्हणजे पेशंटचा विश्वास गेला." म्हणजे स्पीडपेक्षा भरवसा महत्त्वाचा. आपण मात्र प्रेझेंटेशनमध्ये स्पीडच दाखवतो.

दोन, दुप्पट लिखापढी. एका पेशंटची नोंद कागदी रजिस्टरमध्ये, तीच असंसर्गजन्य आजारांच्या पोर्टलवर, गरोदर बाई असेल तर माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर, आणि वर ई-संजीवनीवर. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मावशीने पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत. (सायबर सिक्युरिटीच्या मॅडम, माफ करा!) तिचं 'अजून एक ॲप?' आता समजलं ना? आमचं ॲप कितीही सोपं असलं तरी ते त्या यादीत एक ओळ वाढवणारच होतं.

तीन, आकडा. महिनाअखेरीला विचारणा होते, किती कॉल झाले? पेशंटचं भलं किती झालं हे मोजायला अवघड, कॉल मोजायला सोपे. मग साध्या सर्दीचाही कॉल लावावासा वाटतो. तिकडच्या डॉक्टरांची रांग वाढते, आणि खरी गरज असलेला पेशंट त्याच रांगेत मागे बसतो.

चार, औषध. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी उपकेंद्राच्या कपाटात नसली तर? स्क्रीनवर पलीकडच्या डॉक्टरांना हे कपाट दिसत नाही. पेशंटला गोळीसाठी शेवटी खाली जावंच लागतं. मग तो म्हणतो, "आधीच गेलो असतो की!"

पाच, मान. याचा विचार मी केलाच नव्हता. मॅडम हळूच म्हणाल्या, "कॉल लावला की गावाला वाटतं, हिला काही येत नाही, म्हणून दुसऱ्याला विचारते." त्यातून पलीकडून कोणी तुटक बोललं, 'एवढं पण कळत नाही का?' असा सूर लागला, तर तो पेशंटसमोर लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटला त्यांनी पथ्य सांगायचं असतं. कोण ऐकणार?

पलीकडच्या खुर्चीतून

हे सगळं एका बाजूचं झालं. सुट्टी संपल्यावर सांगलीला माझ्या मैत्रिणीच्या दादाला गाठलं. त्याने एमबीबीएसनंतर वर्षभर हबवर डॉक्टर म्हणून काम केलंय. मला वाटलं तो तरी टेलिमेडिसिनचं कौतुक करेल.

तो म्हणाला, "आम्हाला पाच वर्षं काय शिकवलं? बघा, हात लावा, ठोकून बघा, मग स्टेथोस्कोप लावा. स्क्रीनवर पहिली पायरी कशीबशी होते, बाकीच्या तीन जातात. पोट कडक लागतंय का मऊ, हे मला पलीकडची सिस्टर सांगणार. तिला मी कधी भेटलेलो नाही. तिच्या हातावर विश्वास ठेवून मी सही करायची."

सही! हा सगळ्यात मोठा अडथळा. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात बाळंतपणानंतर पेशंट दगावली. डॉक्टर बाहेरगावी होते, उपचार फोनवरच्या सूचनांवर चालले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या डॉक्टरांत धाक बसला की फोनवर सल्ला दिला तर आपण अडकणार. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बरंच स्पष्ट केलं. व्हिडिओ, ऑडिओ आणि लेखी संदेश, तिन्ही मार्ग मान्य. कोणती औषधं कुठल्याही मार्गाने सांगता येतील, कोणत्या औषधांना पहिल्या वेळी व्हिडिओ हवाच, आणि झोपेच्या-नशेच्या कायद्याखालची कोणती औषधं अजिबात लिहायची नाहीत, याच्या याद्या दिल्या. दूरवरून तपासून भागेल की पेशंटला समोर बोलवायचं, हा निर्णय डॉक्टरचा. आणि तातडीची वेळ असेल तर प्राथमिक सल्ला देऊन पेशंटला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचाराला पाठवायचं.

"नियम वाचले आहेत रे," दादा म्हणाला, "पण मनातला धाक नियम वाचून जात नाही."

मग मी त्याला विचारलं, तुझे गावाकडचे मित्र तुला व्हॉट्सॲपवर ईसीजी पाठवतात, तेव्हा काय करतोस? तो हसला. "लगेच बघतो. ते ओळखीचे आहेत ना! कोणाला किती कळतं हे मला माहीत आहे."

इथे माझी ट्यूब पेटली. होस्टेलवर रात्री अकराला अंगावर पुरळ उठलं तर आपण काय करतो? फोटो काढतो आणि कुणाच्या तरी डॉक्टर मावसभावाला पाठवतो. म्हणजे टेलिमेडिसिन सगळेच करतात! सिस्टर करते, डॉक्टर करतात, आपण करतो. फक्त ओळखीच्या माणसाशी करतो. पोर्टल मात्र दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवतं आणि म्हणतं, आता एकमेकांवर विश्वास ठेवा.

'जीव घाबरा होतोय'

आता ती दुसरी गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. साठीच्या पुढचे, शेतातून थेट. म्हणाले, "सिस्टर, जीव घाबरा हुतोय." मॅडमनी फॉर्म उघडला. लक्षण यादीतून निवडायचं होतं. मी कॉन्व्हेंटवाली, मनातल्या मनात इंग्रजी करून मोकळी झाले. घाबरा म्हणजे भीती, म्हणजे एंग्झायटी! मी तसं बोललेसुद्धा. मावशीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

तिने आजोबांचा हात हातात घेतला. थंडगार आणि ओला. "जेवल्यावर झालं का चढ चढल्यावर?" चढावर. "डाव्या हाताला रग लागते?" लागते. बीपी घेतलं. मॅडमनी लक्षण बदललं, तातडीचं म्हणून कॉल लावला. रांगेत पुढे काही पेशंट होते. आजोबा स्क्रीनकडे बघून म्हणाले, "त्या डबड्यातल्या डागदराला माजी छाती कशी ऐकू येनार?"

मावशीने दोन मिनिटं वाट बघितली असेल. मग उठली. १०८ ला फोन केला, रस्त्यावरून जाणारी जीप थांबवली, आजोबांना मागे आडवं केलं आणि स्वतः सोबत बसली. १०८ ची गाडी त्यांना खालच्या फाट्यावर भेटली. कराडला नेल्यावर कळलं, हृदयविकाराचा झटकाच होता. वेळेत पोचले. आता बरे आहेत, चढ चढू नका सांगितलंय, तरी चढतात.

त्या दिवशीचा तो कॉल पोर्टलवर अपूर्ण राहिला. मावशीच्या हिशोबात तो झाला नाही असाच धरला जाणार.

यावरून टेलिमेडिसिन वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाही. तातडीच्या पेशंटला प्रत्यक्ष उपचाराकडे पाठवा, असं नियमच सांगतात. मावशीने नेमकं तेच केलं. पण तो निर्णय घेतला कोणी? स्क्रीनने नाही, पलीकडच्या डॉक्टरांनी नाही. मधल्या माणसाने घेतला. आमच्या ब्लॉक डायग्राममध्ये एका बाजूला 'पेशंट', दुसऱ्या बाजूला 'डॉक्टर' आणि मध्ये ढगाच्या चित्रात 'क्लाउड' होता. मावशीचा चौकोनच नव्हता!

आणि भाषा? रात्री मी मावशीकडून शब्द लिहून घेत बसले. ठणकतंय, चमक निघते, कळ मारते, उसण भरली, मुरडा येतो, अंगात कसर आहे, भोवळ येते, धाप लागते. मला यातल्या निम्म्यांसाठी एकच शब्द माहीत होता, 'पेन'. सिस्टरला मात्र प्रत्येक शब्दाबरोबर एक वेगळा आजार दिसतो. परत आल्यावर आमच्या ग्रुपमधल्या जतच्या मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "तुमचं तरी मराठी आहे. आमच्या पूर्व भागात माझी आजी कन्नडच बोलते. दुखणं आधी कन्नडमधून मराठीत, मग मराठीतून फॉर्मच्या इंग्रजीत. डॉक्टरपर्यंत पोचेपर्यंत त्यात दुखणं किती उरतं?"

मग आम्ही काय केलं?

फ्रेड डेव्हिस नावाच्या संशोधकाने १९८९ मध्ये एक मॉडेल मांडलं. माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारताना दोन गोष्टी बघतो. ते वापरायला सोपं आहे का, आणि ते माझ्या कामाला उपयोगी आहे का. आपण इंजिनीअर लोक पहिल्या प्रश्नावर रात्री जागवतो. बटण मोठं करा, रंग बदला. आरोग्य कर्मचारी मात्र दुसरा प्रश्न विचारत असतात. माझं काम यामुळे कमी होणार का वाढणार? चूक झाली तर कोणाच्या अंगावर येणार? उद्या गाव माझं ऐकणार का? या प्रश्नांची उत्तरं न देता 'त्यांना टेक्नॉलॉजी नको आहे' असं म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं!

आम्ही ॲप रद्द केलं. त्याऐवजी मावशीच्या शब्दांची यादी केली. बोलीतलं लक्षण, त्यावर विचारायचे पुढचे दोन-तीन प्रश्न, आणि 'हे आढळलं तर कॉलची वाट बघू नका' अशी लाल खूण. जतच्या मित्राने कन्नड रकाना घातला. दादाने डॉक्टर म्हणून सगळं तपासलं, बरंच खोडलं. नेट नसतानाही उघडणारं, फोनवर चालणारं एक साधं पान. त्यात लॉग-इन नाही, पासवर्ड नाही.

रिव्ह्यूला सर म्हणाले, "यात नॉव्हेल्टी काय?" प्रश्न बरोबर होता, आमच्याकडे उत्तर नव्हतं. मार्क बेताचेच पडले.

बाकी मोठ्या सुधारणा आमच्या हातात नाहीत. पण दोघींना आणि दादाला विचारलं, काय झालं तर तुम्ही हे मनापासून वापराल? तिघांची उत्तरं वेगवेगळ्या दिवशी, तरी सारखीच आली. एका उपकेंद्राला शक्यतो तेच ते डॉक्टर मिळावेत, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. त्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात येऊन जावं. एकदा केलेली नोंद सगळीकडे जावी. औषधांचं कपाट पलीकडे दिसावं. आणि पेशंटला वेळेत खाली पाठवलं तर तेही काम झालं असं धरावं. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही.

जाता जाता होस्टेलवाल्यांसाठी एक कामाची गोष्ट. टेली-मानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. परीक्षेच्या आधी, घरची आठवण येऊन, किंवा काहीच कारण नसताना तुमचाही 'जीव घाबरा' झाला, तर ओळखीचा मावसभाऊ शोधत बसू नका, लावा फोन. छातीत रग असेल तर मात्र थेट वॉर्डन सरांना उठवा!

मावशीला यादीचं पान फोनवर पाठवलंय. तिने दोन शब्द चुकलेत म्हणून कळवलं, आणि खाली लिहिलं, "बाकी बरं आहे. पासवर्ड नाही ते फार बरं."

तीन शब्दांच्या पहिल्या परीक्षणापेक्षा हे बरंच चांगलं, नाही का?